पहिल्या पाहुण्याची शेवंती

जपानातल्या मात्सुए गावच्या त्सुचिए-सानांना वाचनालयात जायचं असलं, तर सरळ रस्ता किल्ल्याच्या खंदकाकाठाने जातो. ते तसे जात नाहीत. छत्रीवाल्याच्या दुकानापाशी उजवीकडे वळतात, देवळामागच्या चिखलातून जातात, दोन पूल ओलांडतात आणि भिजून, धापा टाकत वाचनालयात पोचतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "चालणं तब्येतीला चांगलं." तब्येतीचा इथे काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो खंदकाकाठच्या एका काचेच्या खिडकीशी. त्या खिडकीत काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे हे त्सुचिए-सानांना ठाऊक आहे. आणि त्यांना ठाऊक आहे हेही गावाला ठाऊक आहे. म्हणून कुणी काही बोलत नाही. लाजेचं पीक असल्या न बोलण्यावरच तरारून येतं.

माणूस मुळात वाईट नाही. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. नळ गळला की त्यांना झोप यायची नाही. खोड एकच. जे येत नाही ते "येतं" म्हणायची. आता मात्सुएत हिरवा चहा म्हणजे काही सोवळ्यातली गोष्ट नव्हे. घरोघरी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला वाडग्यात ती हिरवी पूड पडते, बांबूच्या रवीने घुसळली जाते आणि सोबत काहीतरी गोड येतं. त्सुचिए-सानांच्या घरीही येतं. बायको, तोमिको-सान, लग्नाआधी रीतसर चहा शिकलेली. ती घुसळून समोर ठेवते, आणि हे वर्तमानपत्राआडून हात काढून वाडगं उचलतात. इतकी वर्षं पिऊन त्यांना चहाबद्दल एवढंच कळलं होतं की तो हिरवा असतो. पण माणूस रोज विहिरीचं पाणी पितो म्हणून त्याला पोहता येतं, असं त्याला स्वतःला वाटू लागलं की काय करणार?

सगळं सुरू झालं ते जावयापासून. म्हणजे तेव्हा तो व्हायचा होता.

त्सुचिए-सानांची एकुलती एक मुलगी कानाए. ती शिकायला म्हणून उत्तरेला होक्काइदोला गेली, तिथेच शाळेत शिकवायला लागली आणि शुन्पेइ ओनोदेरा नावाच्या एका गवळ्याच्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. गवळी म्हणजे चांगले शंभरेक गायींचे मालक. पण त्सुचिए-सानांच्या कानाला 'गवळी' एवढंच लागलं. तो मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा तोमिको-सानांनी जीव ओतून चहा घुसळला. शुन्पेइने तो एका घोटात संपवला, ओठावरची हिरवी मिशी पुसली आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "काकू, थोडं दूध मिळेल का?"

तोमिको-सान हसल्या. त्सुचिए-सान हसले नाहीत. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

"चहात दूध," ते म्हणत. "लेणं मोडून घुंगरू केल्यासारखं."

"अहो, चहात नव्हतं मागितलं त्यानं. नंतर प्यायला मागितलं होतं," तोमिको-सान म्हणाल्या.

"तेच ते."

पुढे शरद ऋतूत दोन्ही घरांनी भेटायचं ठरलं. आमच्याकडे ही भेट म्हणजे लग्नाचा पाया. मुलाचे आईवडील इतक्या लांबून मात्सुएला यायला तयार झाले, तशी त्सुचिए-सानांनी फोनवर जाहीर केलं, "जेवणबिवण नंतर. आधी सगळ्यांना खंदकाकाठच्या चहाघरात नेणार. चहा म्हणजे काय ते एकदा त्यांना दिसू दे. पहिला पाहुणा म्हणून मी स्वतः बसेन. अनेकदा बसलोय."

कानाएनं विचारलं, "बाबा, तुम्ही कधी बसलात?"

"तू लहान होतीस तेव्हा."

"बरं, ऐका. शुन्पेइचे आईबाबा साधी माणसं आहेत. 'जुन्या गावातल्या शिकलेल्या लोकांत आपलं हसं होईल' म्हणून त्यांना आधीच धाकधूक आहे. त्याच्या आईनं मला दोनदा विचारलं, कपडे कसे घालू म्हणून. मला त्यांच्यात राहायचंय जन्मभर. त्यांना आपण कमी आहोत असं वाटेल, असलं काही करू नका. बाकी तुम्हाला काय हवं ते करा."

"मी? मी असं कशाला करीन?" त्सुचिए-सान म्हणाले आणि फोन ठेवला. मनाला मात्र लागलं. कारण करायचं होतं ते नेमकं तेच.

आता पहिला पाहुणा म्हणजे काय, हे ज्यांना चहाची सवय नाही त्यांना सांगायला हवं. ओळीत सगळ्यात मानाच्या जागी जो बसतो तो पहिला पाहुणा. यजमानाशी बोलायचं ते त्यानं. गोड आधी घ्यायचं ते त्यानं. वाडगं कसं धरायचं, कधी फिरवायचं, काय वाखाणायचं, सगळं त्यानं करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून तसंच. लग्नाच्या वरातीत घोडा जाईल तिकडे बँड. म्हणून ती जागा कुणी सहसा मागून घेत नाही. "तुम्ही बसा", "छे, तुम्हीच बसा" यात अर्धा तास जातो. त्सुचिए-सानांनी ती मागून घेतली होती.

बायकोकडून शिकायचं तर मान खाली जाणार. म्हणून ते शेजारच्या नोत्सु-सानांकडे गेले. नोत्सु-सान दातांचे निवृत्त डॉक्टर. अर्ध्या गल्लीची बत्तिशी त्यांच्या हाताखालून गेलेली. त्सुचिए-सानांचे पुढचे दोन दातही त्यांनीच बसवलेले, किंचित तिरके. नोत्सु-सान चहाच्या वर्गाला जेमतेम महिनाभर गेले होते, पण न शिकलेल्या माणसाला महिनाभर शिकलेला माणूस आचार्य वाटतो.

"हे बघा त्सुचिए-सान," ते तोंडात आरसा धरल्यासारखे वाकून म्हणाले, "दोनच गोष्टी. एक, गोड आधी, चहा नंतर. गोड समोर आलं की चहा येण्याआधी ते संपलं पाहिजे. चहा आला आणि गोड शिल्लक, तर संपलं. दुसरी, पहिला पाहुणा चुकत नाही."

"म्हणजे?"

"तो जे करतो तेच बरोबर. तुम्ही चुकलात तरी बाकीचे तसंच चुकतील, मग चूक दिसणार कुणाला? फक्त गडबडायचं नाही. चेहरा असा," आणि नोत्सु-सानांनी इंजेक्शन घेतलेल्या रोग्याचा चेहरा करून दाखवला.

त्या रविवारी गल्लीतली गटारं साफ करायला सगळे जमले, तेव्हा बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाला, मोजे नवे घाला, अंगठा बाहेर आला तर वंश बुडतो. एक म्हणाला, पाय बधिर होतात, आदल्या दिवशी मांडी घालून सराव करा. एका म्हातारीने सांगितलं की तिच्या दिरानं वाडगं चुकीच्या बाजूला फिरवलं होतं आणि त्याला नंतर मूळव्याध झाली. त्सुचिए-सान प्रत्येकाला "ठाऊक आहे, ठाऊक आहे" म्हणत गाळ उपसत राहिले.

मग कळलं की व्याह्यांचा, म्हणजे थोरल्या ओनोदेरा-सानांचा, गुडघा एका गायीनं लाथ मारून कायमचा अधू केलाय; त्यांना खाली बसता येत नाही. चहाघर एका जुन्या सरदाराच्या घरात आहे आणि त्या घराची निगा एक जतन समिती राखते. खुर्ची ठेवायला परवानगी हवी. त्सुचिए-सान समितीत गेले. तिथे तीन वृद्ध सभासद चहा पीत बसले होते.

"खुर्ची?" त्यातले एक म्हणाले. "तातामीच्या चटईला पाय टोचतात. नियमच आहे, खुर्ची नको म्हणून."

"नियमाला अपवाद असतो."

"या नियमाला नाही. 'कोणत्याही कारणास्तव' असं स्पष्ट लिहिलंय. फार विचारपूर्वक केलेला नियम आहे." सभासदांनी चष्मा पुसला. "तुम्हीच केलाय, त्सुचिए-सान. समितीत होतात तेव्हा."

त्सुचिए-सानांना आठवलं. टेबल बडवून केला होता. खुर्ची, स्टूल, पाट, अगदी गुंडाळलेली सतरंजीसुद्धा नको. फक्त बसायच्या गाद्यांबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. तेव्हा एकावर एक गाद्या रचून ओनोदेरा-सानांना त्यावर बसवायचं ठरलं. परत येताना त्या वृद्धांनी उठून, कमरेत वाकून त्यांना निरोप दिला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तो दिवस उजाडला तो पावसातच. आमच्याकडे म्हण आहे, जेवणाचा डबा विसरा पण छत्री विसरू नका. ओनोदेरा नवराबायको छत्री विसरून आले होते. ओनोदेरा-सान दाराएवढे रुंद, हात फावड्यासारखे, आवाज गोठ्यातला. त्यांच्या पत्नी फुसाए-सान नव्या कोऱ्या पोशाखात इतक्या अवघडून चालत होत्या की कुणीतरी त्यांना खोक्यातून नुकतंच काढलंय असं वाटावं. शुन्पेइ गाडी लावायला जागा शोधत गेला. कानाए छत्र्या निथळत दारात थांबली. बाकी चौघं आत आले.

खोली सुंदर होती. समोर बाग, बागेपलीकडे खंदक, खंदकातून छत खाली घेऊन पुलाखालून जाणारी नाव. ओनोदेरा-सानांना गाद्यांच्या थप्पीवर चढवण्यात आलं. मखरात मूर्ती बसावी तसे ते वर बसले. त्यांचं डोकं पहिल्या पाहुण्याच्या डोक्यापेक्षा हातभर वर गेलं. त्सुचिए-सानांनी मान ताणून पाहिली, पण मानेला मर्यादा असते.

"मला यातलं काही कळत नाही हो," ओनोदेरा-सान वरून हळूच म्हणाले. त्यांचा हळू आवाज बागेतल्या माळ्यानंही ऐकला. "तुम्ही कराल तसं करतो. चुकलो तर सांगा."

"चुकायचं काही कारणच नाही," त्सुचिए-सान म्हणाले. "फक्त माझ्याकडे लक्ष असू द्या."

फुसाए-सानांनी लगेच त्यांच्याकडे असं लक्ष लावलं की त्यांनी नाक खाजवलं तेव्हा बाईंचाही हात नाकाकडे गेला.

चहाघराच्या मालकीणबाई आल्या. निळसर किमोनो, पावलांचा आवाज नाही. त्यांनी काळ्या लाखेचं एक तबक मधोमध ठेवलं. तबकात ऋतूची मिठाई: पिवळी शेवंती, पांढरा ससा, लाल मेपलचं पान, पूर्ण चंद्र, धुक्यातला डोंगर आणि एक तपकिरी चिमणी. प्रत्येक इतकी हुबेहूब की चिमणी उडेल म्हणून तबक हळू ठेवावं.

मालकीणबाई वाकून म्हणाल्या, "ही नुसती बघण्यापुरती आहेत. खाण्यासारखी नाहीत. निवांत बघावं."

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण या वाक्यावर घडलं. आमच्या देशात कुणीही काहीही खायला दिलं की असंच म्हणतं. पाच पक्वान्नांचं ताट मांडून यजमानीण म्हणते, "काहीच नाही हो, तोंडात घालण्यासारखं नाही." नवस करून मिळवलेला मासा पुढे ठेवून म्हणते, "चवीला बरं नसेल." आणि पाहुण्यानं म्हणायचं असतं, "छे छे." हे ज्याला कळत नाही तो आडदांड. त्सुचिए-सानांना चहा येत नव्हता, पण सभ्यपणा येत होता. तोच नडला.

"छे छे," ते प्रसन्नपणे म्हणाले, "आपला विनय फार मोठा."

मालकीणबाई क्षणभर थांबल्या. पण गिऱ्हाईक कळलं म्हणतंय म्हटल्यावर त्याला पुन्हा सांगायचं म्हणजे त्याला कळलं नाही असं म्हटल्यासारखं. त्या वाकल्या आणि गेल्या.

तोमिको-सानांनी नवऱ्याची बाही ओढली. त्सुचिए-सानांना वाटलं, पाठ ताठ करायला सांगतेय. त्यांनी पाठ ताठ केली. पुन्हा बाही ओढली गेली. त्यांनी हनुवटी वर केली.

गोड समोर आलं होतं. चहा केव्हाही आला असता. नोत्सु-सानांचे शब्द कानात घुमत होते. त्सुचिए-सानांनी दोन्ही हातांनी तबकाला किंचित नमस्कार केला आणि शेवंती उचलली. हाताला जड लागली. आपल्या पुढ्यातल्या कागदावर ठेवून त्यांनी लाकडी काडी टोचली. काडी मोडली.

"अस्सल असली की अशीच असते," ते म्हणाले. "काडीला दाद देत नाही. जुन्या घराण्यात हातानेच खातात."

आणि खाल्ली.

दात आत गेले, पण पुरते गेले नाहीत. देवघरातली मेणबत्ती चावल्यासारखी चव आली. गोडाचा पत्ता नाही. त्सुचिए-सानांच्या घशाखाली शेवंती उतरली नाही, समज उतरली. हॉटेलांच्या काचेआड मेणाच्या शेवया, मेणाचे मासे असतात. मिठाई वाळू नये म्हणून निवडायला मेणाचेच नमुने दाखवतात, हे काय त्यांना माहीत नव्हतं? गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पहिला पाहुणा चुकत नाही. चेहरा इंजेक्शनचा ठेवून त्यांनी तो तुकडा गालात सारला आणि चघळू लागले.

"वा," ते म्हणाले. मेणातून 'वा' नीट आलं नाही.

वरून फावड्यासारखा हात खाली आला आणि ससा घेऊन गेला. मग एक कडकडीत आवाज झाला. मान वळवून बघायचं त्सुचिए-सानांचं धाडस होईना. फुसाए-सानांनी मेपलचं पान दोन्ही हातांनी धरून खारीसारखं कुरतडलं. आणि मग, त्सुचिए-सानांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तोमिको-सानांनी अगदी शांतपणे, शास्त्रोक्त, कागद दुमडून त्यावर चंद्र घेतला आणि त्याची चंद्रकोर केली.

कानाए आत आली तेव्हा चार मोठी माणसं न बोलता रवंथ करीत होती. तिनं तबक पाहिलं. कागदांवरची चावलेली मिठाई पाहिली. बापाकडे पाहिलं. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला, आणि तो लाल रंग पाहून त्सुचिए-सानांना तिचं फोनवरचं वाक्य शब्द न् शब्द आठवलं. खंदकात उडी घ्यावी असं वाटलं, पण बसून बसून दोन्ही पाय बधिर झाले होते.

कानाए ओळीत शेवटी बसली. डोंगर उचलला. शिखरावर दात मारला.

तेवढ्यात शुन्पेइ आला, ओलाचिंब. "जागाच मिळेना," तो म्हणाला आणि थबकला. हाच तो सरळ बोलणारा, दूध मागणारा मुलगा. त्याची नजर तबकातल्या एकट्या उरलेल्या चिमणीवर गेली, मग आईच्या हातातल्या कुरतडलेल्या पानावर, मग कानाएकडे. त्सुचिए-सानांनी डोळे मिटले. आता हा म्हणणार, 'अहो, हे मेणाचं आहे.' आणि ते खरं असणार.

काही ऐकू आलं नाही. त्यांनी डोळे उघडले. शुन्पेइ कानाएशेजारी बसला होता. चिमणीची शेपटी नाहीशी झाली होती.

मालकीणबाई परत आल्या. त्यांनी सहा कागदांवरच्या सहा जखमा पाहिल्या. धंद्यात मुरलेली बाई. पापणी हलली नाही.

"निवड झालेली दिसते," त्या वाकून म्हणाल्या. "शेवंती, ससा, पान, चंद्र, डोंगर, चिमणी. लगेच आणते."

जणू चावणं हीच बोट दाखवायची रीत होती.

आणि खरी मिठाई आली. तीच शेवंती, तोच ससा, पण मऊ, ओलसर, उकडलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या गोड पुरणाची. प्रत्येकापुढे एक. मागोमाग चहाही येणार होता. आतून रवीचा आवाज येत होता. कुणी हात लावीना. सगळे पहिल्या पाहुण्याकडे बघत होते.

गाद्यांवरून ओनोदेरा-सान खाली वाकले. "त्सुचिए-सान," ते आपल्या परीने कुजबुजले, "आधी ती कडक खायची आणि मग ही मऊ, अशी पद्धत का? म्हणजे गावी गेल्यावर सांगता येईल. आमच्या सहकारी संघाचे लोक विचारणार आहेत मुद्दाम."

बघा, किती सोपं होतं. 'हो' म्हटलं की झालं. शुन्पेइ मुलगा भला, तो काही बोलणार नाही. कानाए बोलणार नाही. तोमिको बोलणार नाही. ओनोदेरा-सान गावी जाऊन संघाच्या बैठकीत उभे राहतील आणि गोठ्यातल्या आवाजात सांगतील, मात्सुएच्या थोर लोकांत आधी कडक खातात. आणि शंभर माणसं त्यांना हसतील. त्सुचिए-सानांनी तोंड उघडलं. 'हो' जिभेवर होतंच, मेणाशेजारी.

त्यांनी कागद तोंडाला लावला आणि तो तुकडा बाहेर काढला. चांगला चघळून गोल झाला होता. सगळ्यांच्या समोर तो कागदावर ठेवला, बधिर पायांनी जमेल तेवढं मागे सरले आणि कपाळ चटईला टेकवलं.

"नाही," ते चटईत तोंड घालून म्हणाले. "ते मेण होतं. दाखवायचे नमुने. बाईंनी सांगितलं होतं, मला कळलं नाही. मला चहातलं काहीच कळत नाही. पहिला पाहुणा म्हणून मी आजच पहिल्यांदा बसलो. तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात एवढंच."

फुसाए-सानांनी हातातलं पान कागदावर ठेवलं.

"मला वाटलंच होतं," फुसाए-सान हलकेच म्हणाल्या. "आमच्या गावच्या शेवयांच्या दुकानात असतात तसले. पण म्हटलं, इथली रीत असेल."

"मला नव्हतं वाटलं," ओनोदेरा-सान म्हणाले. ते थोडे विचारात पडले होते. "मी गिळलं."

"काय?"

"डोकं. सशाचं. कानांसकट."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. ओनोदेरा-सान गाद्यांवर बसून, पोटावर हात ठेवून, आतून काही निरोप येतोय का याची वाट बघत होते.

"काही होत नाही," फुसाए-सान त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या. बाईंचा अवघडलेपणा कुठे गेला होता कोण जाणे. "आमच्या एका गायीनं रबरी हातमोजा गिळला होता. तिसऱ्या दिवशी पाच बोटांसकट आला. दूध उलट वाढलं."

आधी शुन्पेइच्या नाकातून आवाज आला. मग कानाए हसली, ओणवी होऊन, चटईवर हात आपटत, लहानपणी हसायची तशी. मग ओनोदेरा-सान हसले आणि गाद्यांची थप्पी एका बाजूला कलली. ते आडवे झाले ते थेट त्सुचिए-सानांच्या शेजारी. दोन व्याही एका पातळीवर आले.

"आता ही मऊ खायची ना?" पडल्या पडल्याच त्यांनी विचारलं.

इथे गोष्ट संपती तर त्सुचिए-सान आज सरळ रस्त्याने वाचनालयात जाते. पण लाजेला शेपूट असते.

दुसऱ्या दिवशी ते काळा सूट घालून माफी मागायला निघाले. माफी मागायला मिठाईचा डबा न्यावा लागतो. गावातली उत्तम मिठाई त्याच चहाघराची. तिथूनच घेऊन तिथेच देणार कशी? दुसऱ्या दुकानाची नेली तर वेष्टनावरचं नाव बघून अपमान. शेवटी आगगाडीनं पुढच्या गावी जाऊन डबा आणला. मालकीणबाईंनी तो घेतला, आणि घेतलेल्या भेटीची परतफेड करावीच लागते म्हणून दोन दिवसांनी त्या डबा घेऊन घरी आल्या. मग परतफेडीची परतफेड. असे डबे जात-येत राहिले आणि प्रत्येक खेपेला गल्लीतली एक खिडकी जास्त उघडू लागली. तोमिको-सानांनी एक दिवस डबा मधल्यामध्ये उघडून सगळ्या गल्लीला वाटून टाकला, तेव्हा ते थांबलं. पण वाटताना प्रत्येक दारात 'कशाबद्दल?' असा प्रश्न आला.

नमुने नवे बनून यायला नववर्ष उजाडणार होतं. तोवर मालकीणबाईंनी तेच खिडकीत मांडले, चावलेली बाजू भिंतीकडे करून. पण मागे आरसा होता. प्रवासी थांबून बघू लागले. आत येऊन म्हणू लागले, "ती चावलेली द्या. बघूनच तोंडाला पाणी सुटतं." बिनडोक सशाला तर रांग लागली. मालकीणबाईंनी बाजू फिरवली. नवे नमुने आले तेव्हा त्या मुद्दाम घरी आल्या आणि कपाळ टेकवून म्हणाल्या, "फार मोठा त्रास देतेय. जुनेच तसे राहू द्याल का?" ज्यानं चावलं त्यानं नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?

नोत्सु-सान एकदा त्या खिडकीपाशी थांबले, चष्मा वर केला आणि शेवंतीकडे बराच वेळ बघत राहिले. मग घरी येऊन म्हणाले, "त्सुचिए-सान, वरचे पुढचे दोन. जरा तिरके बसलेत माझ्याकडून. सरळ करून देऊ का?"

लग्न वसंतात झालं. ओनोदेरा मंडळी पुन्हा आली ती स्टेशनवरून थेट खिडकीपाशी गेली. सहाही जणांचे दात एका ओळीत मांडलेले: शेवंती, ससा, पान, चंद्र, डोंगर, चिमणी. तुमच्याकडे साखरपुड्यात साखर असते म्हणतात. आमच्या या दोन घरांचा मेणावर झाला. ओनोदेरा-सानांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. सशाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं, पण सगळंच काही लिहिता येत नाही. त्सुचिए-सान त्या वेळी छत्रीवाल्याच्या दुकानाआड उभे होते.

परवा सकाळी दहाला तोमिको-सानांनी नेहमीसारखा चहा घुसळायला घेतला. त्सुचिए-सान वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवून बसले होते. हल्ली तसेच बसतात. तिनं समोर बशी ठेवली. बशीत पिवळी शेवंती होती.

"काही नाही हो," ती म्हणाली. "खाण्यासारखं नाही."

त्सुचिए-सानांचा हात अर्ध्यात थांबला. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"तोमिको," ते शेवटी म्हणाले. "त्या दिवशी तुला कळलं होतं ना? आधीपासून?"

"बाही फाटेपर्यंत ओढत होते."

"मग तू का खाल्लास तो चंद्र?"

रवी वाडग्यात फिरत राहिली. "तुम्हाला एकट्याला खाऊ द्यायचं होतं की काय?" ती म्हणाली.

मग तिनं शेवंती उचलली, अर्धी आपण खाल्ली आणि अर्धी बशीत परत ठेवली. त्सुचिए-सानांनी ती मऊ आहे का हे बोटानं दाबूनसुद्धा बघितलं नाही. उचलली आणि तोंडात घातली.